संकलित १ चे गुण भरून झाले, आता त्या गुणांचं करायचं काय? (इ. ५वी, गणित)

कोपरखैरणे_५वी
मराठी माध्यम, इयत्ता ५वी, पट ४२. गणिताच्या पायाभूत चाचणीत वर्गाची सरासरी ५८ टक्के होती, संकलित १ मध्ये, म्हणजे पहिल्या सत्राच्या परीक्षेत, ६४ आली. गुण शासनाच्या चॅटबॉटवर भरून झाले. मुख्याध्यापकांचं म्हणणं, अहवालात ६ टक्के वाढ दाखवा. ११ मुलं ४० टक्क्यांच्या खाली आहेत. त्यांच्यासाठी रोज अर्धा तास उपचारात्मक वर्ग मिळतो, पण सगळ्यांना एकच घेतलं की निम्मी कंटाळतात आणि निम्म्यांना काही कळत नाही. उत्तरपत्रिका हाताशी आहेत. त्यातून नेमकं काय काढू?

खडूफळा
वाढ लिहू नका. पायाभूत असते मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर (त्या इयत्तेअखेर मुलाला काय काय यायला हवं त्यावर), म्हणजे तुमच्याकडे चौथीच्या. संकलित १ पाचवीच्या पहिल्या सत्रावर. एकदा वाण्याच्या काट्यावर आणि एकदा भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करून फरक काढण्यातला हा प्रकार.

बेरजेचे गुण बाजूला ठेवा आणि प्रश्ननिहाय तक्ता करा. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात प्रश्न. बरोबर १, चूक ०, सोडलेला 'र'. ० आणि र एकत्र करायचे नाहीत, इथेच बहुतेक तक्ते वाया जातात. शेवटचे चार प्रश्न ओळीने 'र' असतील तर मुलाला वेळ पुरलेला नाही. मधलाच एखादा 'र' असेल तर त्याने तो बघून सोडलाय.

मग मुलं जास्त गुणांकडून कमीकडे लावा, प्रश्नही सोप्याकडून अवघडाकडे. एक्सेलमध्ये दोनदा सॉर्ट, बस. १ वर-डावीकडे जमतात, ० खाली-उजवीकडे आणि मधे जिन्यासारखी रेघ दिसते. १ च्या गर्दीत एकटं ० दिसलं तर ती बहुधा धांदल. ० च्या गर्दीत एकटा १ दिसला तर अंदाजपंचे, नाहीतर शेजारच्याची वही. पण अख्खा रकानाच ० असेल तर दोष मुलांचा नाही. तो घटक शिकवून झालाय का, आणि प्रश्नाची भाषा कळण्यासारखी आहे का, ते बघा.

हातचा_एक
तक्त्याने 'कुठे' कळतं, 'का' कळत नाही. त्यासाठी ० मिळालेली उत्तरं शब्दशः टिपून घ्या. ५०३ − १८७ हे उदाहरण धरू. बरोबर उत्तर ३१६.

४८४ लिहिणारं मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान वजा करतंय. वरचा-खालचा हा भेदच त्याच्याकडे नाही, उसनवारी दूरच. ३२६ लिहिणाऱ्याला उसने घेता येतात, फक्त शतक फोडून आलेल्या १० दशकांतला एक एककाकडे गेल्यावर ९ उरतात हे त्याच्या हातून सुटतं. ६९० लिहिणाऱ्याने चिन्हच पाहिलेलं नाही.

गुणपत्रकात तिघांनाही शून्य. उपचारात्मक वर्गात मात्र हे तीन वेगळे गट. ४८४ वाल्यांना काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात हवी. ३२६ वाल्यांना शंभर-दहा-एकच्या खोट्या नोटा देऊन फक्त मधे शून्य असलेल्या वजाबाक्या द्या, चार-पाच तासिकांत बसतं. तिसऱ्या गटाला चिन्हाभोवती गोल करायची सवय लावा, वर्गाची गरज नाही. तुमची ११ मुलं अशी वाटली की अर्धा तास पुरायला लागेल.

घटक चाचणीत पर्याय देताना हीच चार उत्तरं द्या. उगाच ११६, २१६ असले पर्याय घातले तर चुकलेल्या मुलाबद्दल काहीच कळत नाही.

कोपरखैरणे_५वी
शाब्दिक उदाहरणांचं काय? तिथे तर ३० मुलांना ० आहे.

हातचा_एक
त्या तिसांतली आठ-दहा जवळ बोलवा, तेच उदाहरण मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून सोडवलं तर अडचण वाचनाची, गणिताची नाही. आपल्याकडे बऱ्याच मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत, 'पेक्षा कितीने कमी' आणि 'उरले' यातच ती अडतात. ऐकूनही अडलं तर शब्द काढून नुसती आकड्यांची मांडणी द्या. मांडणी सुटली की समजायचं, क्रिया येते, शब्दांवरून कोणती क्रिया करायची ही निवड येत नाही.

उत्तरसूची
वरचं सगळं पटलं, पण एका प्रश्नावरून 'क्षमता प्राप्त / अप्राप्त' असा शिक्का मारू नका. चार पर्यायांच्या प्रश्नात ४२ मुलांनी डोळे मिटून खुणा केल्या तरी साधारण १० बरोबर येतात. त्यामुळे '१४ जणांना आलं' ही आनंदाची बातमी नाही. एका निष्पत्तीला किमान तीन प्रश्न हवेत, त्यातला एक तरी पर्यायाशिवाय.

वरची ११ आणि खालची ११ मुलं प्रत्येक प्रश्नावर ताडून बघा. खालच्यांना जास्त जमलेला प्रश्न दिसला तर आधी उत्तरसूची तपासा, तिथेच चूक निघण्याचा संभव जास्त.

मुख्याध्यापकांना वाढ दाखवायचीच असेल तर पायाभूतमधले पाच-सहा प्रश्न फक्त आकडे बदलून पुन्हा द्या. आकडे बदलताना रचना तीच ठेवा. ५०३ − १८७ च्या जागी ६०४ − २७८ चालेल, ४५६ − १२३ नाही, कारण त्यात उसनवारीच नाही. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषय ५० गुणांचा आणि पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ गुण. म्हणून ही फेरतपासणी त्याआधी, जानेवारीत उरकलेली बरी.

कळव्याची_आई
मधेच विचारते. मुलगा ६वीत, गणितात ब-१. घरी काय घ्यायचं ते यावरून कसं कळणार?

खडूफळा
नाही कळत ताई. ब-१ म्हणजे ७१ ते ८०. सहावीला आकारिक (सत्रभरातल्या कामाचे गुण) ५० आणि संकलित ५०. आकारिक ४६ + संकलित २६ = ७२, ब-१. आकारिक ३५ + संकलित ३८ = ७३, हाही ब-१. पहिल्या मुलाचे प्रकल्प, स्वाध्याय, वर्गकाम छान, लेखीत अडतंय. दुसऱ्याचं नेमकं उलटं. वर्गशिक्षकांकडे दोन्ही आकडे वेगळे मागा आणि संकलितची उत्तरपत्रिका बघायला मागा. 'मेहनत हवी' या शेऱ्यावर घरी परतू नका.