मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात घरी सीएपीडी (पोटातून करायचं डायलिसिस) जमतं का?

नमस्कार मंडळी,

माझे मिस्टर (वय 46) हिमोडायलिसिसवर (मशीनने रक्त शुद्ध करणं) आहेत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. फिस्टुला (मशीनसाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) छान चालतोय, महात्मा फुले योजनेमुळे पैशाचाही तसा भार नाही. खरा जाच पाण्याचा. लघवी जवळपास बंद, म्हणून दिवसभर लिटरच्या आत भागवायचं, अन् बाहेर 45 अंश! सकाळी बाटली मोजून भरून देते, दुपारपर्यंत रिकामी. मग बर्फाचा खडा चघळत बसायचं. मध्ये वजन वाढलं की मशीनवर पाणी जास्त ओढतात, बीपी पडतं, पायात गोळे येतात, नि तो दिवस बिछान्यातच जातो. माझं माहेर काटोलचं, घरचा संत्र्याचा बगीचा, पण पोटॅशियममुळे यांना एक फोड द्यायची सोय नाही.

डॉक्टरांनी पोटातून करायच्या डायलिसिसचं, म्हणजे सीएपीडीचं, सुचवलंय. त्यात पाणी रोजच्या रोज निघतं, त्यामुळे पथ्य जरा सैल होतं म्हणे. दोन लिटर द्रवाची बॅग पोटात सोडायची, दिवसातून तीन-चारदा बदलायची. पण बदलताना पंखा, कूलर, खिडक्या सगळं बंद ठेवायचं. आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला. एसीशिवाय कोणी करतंय का? महिन्याभराच्या बॅगांचे खोके या उन्हाळ्यात कुठे ठेवता? पेरिटोनायटिस (पोटातलं इन्फेक्शन) झाला होता का, आणि कशाने? बॅगा योजनेत बसतात का?

दुसरं, किडनी प्रत्यारोपण. झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटणारी विभागीय समिती) यादीत नाव आहे. यांचा रक्तगट ओ, म्हणून एरवी ओचीच किडनी चालते; माझा बी, सासूबाईंना शुगर. 2011 च्या दुरुस्तीपासून दोन कुटुंबांत किडनीची अदलाबदल कायदेशीर आहे, पण ओ गटाच्या दात्याची किडनी रक्तगटापुरती कुठल्याही गटाला चालते. तो बहुधा आपल्या माणसाला थेटच देणार, अदलाबदलीत क्वचितच येणार. त्यामुळे गट न जुळता प्रत्यारोपण, हा पर्याय उरतो. नागपुरात कोणी करून घेतलंय का? आधीचं प्लाझ्मा काढणं, औषधं, नंतरचे इन्फेक्शन, एकूण खर्च, जे आठवेल ते सांगा.

(2024 मध्ये बॉस्टनला डुकराची किडनी बसवली, ती बातमी दीरांनी पाठवून झाली आहे. काढेही पाठवून झालेत. पोटॅशियमच्या माणसाला कोण काढे पाजतं बाप्पा!)

सीएपीडीवाल्यांनी आधी लिहा. कॅथेटर (पोटातली नळी) बसवायचं की नाही, ते पुढच्या तपासणीत सांगायचं आहे.