फेस विरतो, बारीक बुडबुडे राहतात

जहाजामागच्या पाण्यातल्या बुडबुड्यांवरून विखुरलेला लेसरचा प्रकाश टिपून जहाजाचा माग काढायचा, या कल्पनेवर एक प्रश्न आलाय: ‘जहाज गेलं की फेस विरतो, मग लेसरला सापडणार काय?’ विरतो तो डोळ्यांना दिसणारा फेस. ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम ५ मिलिमीटर वर चढतो; ३ मीटर खाली ढकलला गेला की १० मिनिटं पाण्यातच. पुण्यात सकाळी नळाला जोर असला की पेल्यात दुधाळ पाणी येतं आणि तळाकडून निवळत जातं, अगदी तसंच. त्या पेल्यातून हिरवा लेसर आडवा सोडून बघा (डोळ्यांकडे मात्र नको). पाण्यातून (बुडबुड्याच्या पृष्ठभागावरच्या लंबापासून मोजल्यास) सुमारे ४९ अंशांहून तिरका आलेला किरण बुडबुड्यात शिरतच नाही, पूर्ण परावर्तित होतो. खरी अडचण गाळाची, तोही प्रकाश विखुरतो.