पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये 11 जुलै कोरा का?

नमस्कार मंडळी,

आपल्या लंडनच्या मंडळाचं पुढच्या वर्षीचं कॅलेंडर सचिवांनी पाठवलं ते बघितलं. गणपती, दिवाळी फराळ, 26/11 ची श्रद्धांजली, सगळं आहे, 11 जुलै मात्र कोरा. 2026 ला मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांना वीस वर्षं होतायत, हे बहुतेक कुणाच्या लक्षात आलं नसावं म्हणून लिहितेय.

मी बोरिवलीची. 11 जुलै 2006, मंगळवार, संध्याकाळी 6.24 पासून अकरा मिनिटांत सात स्फोट, चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. म्हणजे ऑफिस सुटल्यावर घरी निघालेली माणसं. 189 गेली, आठशेच्या वर जखमी. फोन लागत नव्हते. आमच्या बिल्डिंगमधले एक काका घरी आले नव्हते, तर बाबा आणि मी त्यांच्या मुलाला घेऊन एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात हिंडत होतो. गेटजवळच्या भिंतीवर बॉलपेनने लिहिलेले कागद सेलोटेपने चिकटवलेले, पावसाने शाई फुटलेली. नाव, वय, वॉर्ड. जिथे नाव कळलेलं नाही तिथे नुसतं 'पुरुष, अंदाजे 40, चौकटीचा शर्ट'. तो मुलगा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता आणि शर्टाची ओळ आली की थांबायचा, बाबांना विचारायचा, आज सकाळी पप्पांनी कुठला शर्ट घातला होता हो? बाबांना काय माहीत असणार, आणि त्यालाही आठवेना. काका पहाटे सापडले, वाचले, पण एक कान कायमचा गेला.

आपण त्या दिवशी काहीतरी करूया.

– बोरिवलीची ताई

---

ताई, नमस्कार.

तुझं वाचून वाईट वाटलं, पण स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. 26/11 ला आपण सगळ्यांचीच आठवण काढतो ना, मग प्रत्येक हल्ल्याचा वेगळा दिवस धरायला गेलं तर 12 मार्च 1993 पण आहे, झवेरी बाजार आहे, घाटकोपर आहे, कुठवर जाणार. दुसरं म्हणजे यंदा, 2025 मध्ये, 21 जुलैला हायकोर्टाने या स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. 2015 ला पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती ती सगळी रद्द. पुढे सुप्रीम कोर्टाने तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही. आता हा विषय काढला की हॉलमध्ये दोन तट पडणार आणि कार्यक्रम बाजूला राहणार. मंडळात भांडणं नकोत एवढंच माझं म्हणणं आहे.

– हॅरोचे काका

---

काका, राग कशाला मानू. पण निकाल लागला नसता किंवा वेगळा लागला असता तरी ती 189 माणसं गेलेलीच आहेत ना. कुणी मारलं ते अजून कळलेलं नाही, म्हणून कोण मेलं ते पण विसरायचं का? उलट आता कोर्टात सांगायला कुणी उरलं नाही तर आपणच सांगायला पाहिजे असं मला वाटतं. जे इतकी वर्षं आत राहिले आणि आता निर्दोष ठरले त्यांच्याबद्दल पण कुणाला बोलायचं असेल तर बोलू दे, मला त्याची भीती वाटत नाही. आणि 26/11 ला आपण ओंबळे, करकरे, कामटे, साळसकरांचं नाव घेतो, घ्यायलाच पाहिजे, पण सीएसटीवर गाडीची वाट बघत बसलेल्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला येतं का? मला नाही येत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

हाइड पार्कमध्ये पार्क लेनच्या बाजूला 7 जुलैचं स्मारक आहे ते किती जणांनी बघितलंय माहीत नाही. 2005 ला इथे ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि 30 नंबरच्या बसमध्ये 52 जण गेले, तर तिथे स्टीलचे 52 खांब आहेत, माणसामागे एक. चार ठिकाणी स्फोट झाले म्हणून चार घोळके. खांबावर तारीख, वेळ आणि जागा कोरलीय, आणि बाजूला पाटीवर सगळी नावं. ओतीव स्टील असल्यामुळे एकाचा पोत दुसऱ्यासारखा नाही, हात फिरवला की कळतं. मी मुलीला घेऊन गेले होते, तिने मोजले आणि विचारलं, आई, आपल्याकडे पण असे आहेत का? मी म्हटलं, माहीम स्टेशनवर दर वर्षी लोक जमतात, मेणबत्त्या लावतात. ती म्हणाली, पण खांब किती?

मला उत्तर देता आलं नाही.

– ताई

---

मी सहसा इथे लिहीत नाही पण ताईला दुजोरा द्यायचाय. मी माहीमचा. त्या संध्याकाळी रुळांच्या कडेला झोपड्यांत राहणारी माणसं सगळ्यात आधी धावली, घरातल्या चादरी आणून त्यात जखमींना उचलून नेलं, अँब्युलन्सची वाट कुणी बघितली नाही. त्या चादरी परत कुणी मागितल्या नसतील. दुसऱ्या दिवशी गाड्या चालू झाल्या तर पेपरात मुंबईचं स्पिरिट म्हणून छापून आलं, माझा भाऊ त्याच लाइनने कामाला गेला कारण खाडा परवडणारा नव्हता. पुढच्या मंगळवारी, 18 तारखेला, 6.25 ला शहरभर भोंगे वाजले आणि दोन मिनिटं लोक जिथे होते तिथे उभे राहिले. तेवढंच करूया की. भाषणं नकोत, नावं वाचायची आणि उभं राहायचं.

– माहीमवाला

---

सर्वांना नमस्कार,

11 जुलै 2026 शनिवार आहे, मी बघितलं. मुंबईत 6.24 होतील तेव्हा आपल्याकडे दुपारचे 1.54. मराठी शाळा दीडला सुटते, म्हणजे पालक तिथेच असतात, हॉलवाल्यांना अर्धा तास वाढवून मागते. काका, नावं तुम्ही वाचाल का? तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो आणि तुम्ही वाचलंत तर कुणी वाद घालणार नाही. यादी जुन्या पेपरांतून काढावी लागेल, स्पेलिंगवरून नावं चुकू नयेत म्हणून दोघांनी तपासायची. ताई, एक प्रत तू घे.

– सचिव

---

वाचतो. पण यादी महिनाभर आधी पाठवा, आडनावं नीट उच्चारायला मला सराव लागेल.

– काका