मदत हवी आहे: मोठे टायर लावले, आता घासतात आणि लिव्हर फोर-एचमधून निघत नाही

चिखलवाट, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, सकाळी सातला पुण्याला निघायचंय. गाडीला मड टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर घेतले, २३५/७५ आर १५. चिखलात मस्त चालली, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर घासतो. ते एक वेळ चालवून घेईन. खरी अडचण अशी की आज शेतावरून येताना फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकलं होतं आणि आता लिव्हर टू-एचला (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) येतच नाही. दोन्ही हातांनी ओढून झालं. गिअरबॉक्स गेला का?

घाटमाथा, ९:१८
गाडी कोणती ते लिहा की राव. हा साइज थारला लहान पडेल आणि जिम्नीला मोठा.

पाना_बारा, ९:२१
घासतंय म्हणजे दोन इंच लिफ्ट हवीच, गाडी तेवढी उंच करून घ्या. मी आधी लिफ्ट केली, मग टायर घेतले. तीन पावसाळे झाले, काही तक्रार नाही. स्प्रिंग आणि शॉक एकदमच बदला.

घाटमाथा, ९:२६
गाडी माहीत नसताना लिफ्ट कशी सांगता? खड्ड्यात चाक वर दबून आर्चला, म्हणजे चाकावरच्या कमानीला लागत असेल तर लिफ्टचा उपयोग. पूर्ण वळवल्यावर लागतं ते बंपरच्या मागच्या कोपऱ्याला नाहीतर आतल्या आर्मला. तिथे रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते बघावं लागतं.

पाना_बारा, ९:२९
लिफ्टने बंपरचाही फरक पडतो. मी स्वतः करून बघितलंय, पुस्तकातलं सांगत नाहीये.

जुनी_जिप्सी, ९:३३
आमच्या जिप्सीला पुढे-मागे पाट्यांच्याच स्प्रिंगा. मी २१५/७५ लावले, त्याच्या वर कधी गेलो नाही. वरंधा घाटात भर पावसात दरड आली होती, तेव्हा रस्त्याच्या कडेने गाडी काढली ती याच टायरांवर. भोरच्या बाजूला तेव्हा एक चहावाला असायचा, रात्री दोनलासुद्धा शेगडी पेटलेली. आता आहे का कुणाला माहीत?

नियमावली, ९:३६
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलात परस्पर बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. विमा कंपनीला आधी विचारा.

चिखलवाट, ९:४१
कायद्याचं नंतर बघू हो, मी इथे वेल्ह्याच्या पुढे अडकलोय. गाडी जिम्नी, मॅन्युअल. लिफ्ट नाही, रिम कंपनीचेच. उजवीकडे पूर्ण वळवलं की बंपरच्या कोपऱ्याला काळा पट्टा उमटलाय. डॅशवर गाडी घसरल्याचं चित्र असलेला पिवळा दिवापण पेटलाय. चिखल संपल्यावर सिमेंटचा रस्ता लागतो, तिथे चार-पाच किलोमीटर फोर-एचमध्येच आलो. शेवटच्या वळणावर स्टिअरिंग इतकं जड झालं की गाडी मागून कुणी ओढतंय असं वाटलं.

घाटमाथा, ९:४४
पाचही टायर बदलले का?

चिखलवाट, ९:४७
नाही, दुकानात दोनच होते. पुढे लावले, मागचे पुढच्या महिन्यात येणार आहेत. पण त्याचा लिव्हरशी काय संबंध?

घाटमाथा, ९:५८
सगळा संबंध तिथेच आहे. गाडी आता हलवू नका, आधी हे वाचा.

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, उंची साधारण ६९३ मिलिमीटर. तुमच्या नव्याची ७३३. म्हणजे एका किलोमीटरला मागचं चाक सुमारे ४५९ फेऱ्या घेणार आणि पुढचं ४३४. टू-एचमध्ये त्याने बिघडत नाही. पण फोर-एचमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, मधे वेगातला फरक झेलणारं डिफरन्शियल नाही. किलोमीटरमागे २५ फेऱ्यांचा फरक जाणार कुठे? चिखलात चाक घसरतं आणि पीळ सुटतो. सिमेंटवर घसरत नाही, म्हणून तो पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) साठत गेला. त्याच दाबाने लिव्हर आतून आवळून धरलाय. दिवासुद्धा बहुतेक चाकांच्या वेगातल्या फरकामुळेच पेटलाय. गिअरबॉक्स गेलेला नसावा, पण असंच पुण्यापर्यंत नेलं तर जाईल.

स्टिअरिंग सरळ ठेवून रिव्हर्समध्ये दहा-पंधरा फूट हळू जा, क्लच दाबून लिव्हर ओढा. नाही आला तर सपाट जागी हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. टायर जमिनीवरून सुटताना गर्रकन फिरेल. हात दूर ठेवा.

हवा_कमी, १०:०५
चिखलासाठी हवा १८ पीएसआयवर आणली होती का? अर्धे प्रश्न हवेनेच सुटतात.

पाना_बारा, १०:०८
घाटमाथा यांचं पिळाचं बरोबर आहे, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. पण मागचे २३५ आले की लिफ्ट लागेलच, एवढं लिहून ठेवा.

चिखलवाट, १०:५२
निघाला!! रिव्हर्सने नाही झालं. भावाने बॅटरी धरली, मी उजवं पुढचं चाक उचललं. टायर मातीवरून एक बोट सुटला असेल नसेल, आतून 'ठक्' आवाज आला आणि चाक आपोआप पाव फेरी पुढे फिरलं. नटांच्या खाचांत बसलेला चिखल उडून थेट तोंडावर. लिव्हर मग एका बोटाने टू-एचला आला. घाटमाथा दादा, मनापासून आभार. हे कुणी सांगितलंच नव्हतं, दुकानदारानेही नाही.

घाटमाथा, १०:५९
छान झालं. सकाळी टू-एचमध्येच जा आणि जुने दोन टायर पुढे चढवेपर्यंत त्या लिव्हरला हात लावू नका. २३५ ला निदान सहा इंच रुंदीचा रिम लागतो, तुमचा साडेपाचचा आहे. माझं ऐकाल तर ते दोन विका आणि २१५/७५ चे पाच घ्या. उंची मूळपेक्षा दहाच मिलिमीटर जास्त, लिफ्ट लागत नाही.

चिखलवाट, ११:०४
पाच? पाचवा कशाला?

घाटमाथा, ११:०६
स्टेपनी! चिखलात एक पंक्चर झाला आणि मागच्या दारावरचा जुना लावून फोर-एच टाकलंत, तर पुन्हा पीळ बसायला लागेल.

चिखलवाट, ११:१५
पटलं. पाच घेतो. दोन महिन्यांचं वापरलेलं जोडपं कुणाला हवं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, सहा इंच रुंदीचा रिम असेल तरच.