नायट्रोजन टिकला, पण व्हॅक्यूम 4,500 मायक्रॉनवर थबकतो: गळती की पाणी?

फ्लेअरनट: व्हीआरएफची (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारी एसी यंत्रणा) नवी पाइपिंग, आठ इनडोअर, रेफ्रिजरंट आर-410ए. आउटडोअरचे सर्व्हिस व्हॉल्व्ह अजून बंदच आहेत. गळती तपासायला दुपारी 36 अंश तापमानाला 600 पीएसआय नायट्रोजन भरला. सकाळी 24 अंशांना गेजवर 577. साबणाच्या पाण्याने सगळे सांधे पाहिले, कुठेही फेस नाही. नंतर दोन स्टेजच्या पंपाने चार तास व्हॅक्यूम घेतला, तर 1,800 मायक्रॉनच्या (अगदी कमी दाब मोजायचं एकक; आकडा जितका लहान तितका व्हॅक्यूम चांगला) खाली जायला तयार नाही. पंप वेगळा केला की दहा मिनिटांत 4,500 पर्यंत चढतो आणि तिथे थांबतो. ब्रेझिंगआधी (सांधे तापवून जोडण्याआधी) काही नळ्यांची तोंडं पावसात उघडी राहिली होती. 23 पीएसआय उतरले म्हणजे गळती धरायची का?

दोनस्टेज: नाही. बंद नळीतल्या वायूचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो आणि हिशोबात वातावरणाचे 14.7 मिळवावे लागतात. 614.7 ला 297 ने गुणून 309 ने भागा: 590.8. त्यातून 14.7 वजा केले की 576. तुमचं गेज 577 दाखवतंय, म्हणजे नायट्रोजन आहे तिथेच आहे. 600 पीएसआयच्या आसपास दर अंशाला साधारण 2 पीएसआय धरून चाला, आणि प्रेशर भरताना तापमान गेजशेजारीच लिहून ठेवा.

आता 4,500 चा आकडा. गळती असती तर काटा थांबला नसता, वातावरणाच्या दाबाकडे चढतच राहिला असता. थांबतोय म्हणजे आत वाफ होणारं काहीतरी आहे. शून्य अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे 4,600 मायक्रॉन असतो. पाणी उकळताना स्वतःच थंड होतं आणि खालच्या वळणात त्याचा बर्फ होतो, असा माझा अंदाज. बर्फाची वाफ फार सावकाश निघते, त्यामुळे मोठा पंप लावून उपयोग नाही. पंप बंद ठेवून वाट पाहिलीत तर बर्फ वितळत जाईल तसा आकडा पुन्हा सरकू लागेल. त्याला गळती समजू नका.

कोअरकाढा: पटतंय, पण आधी पंपाची बाजू तपासा. होजचे सांधे नायट्रोजनच्या टेस्टमध्ये नव्हते, ते वेगळे गळू शकतात. गेज थेट पंपावर लावा. चांगला पंप 100 मायक्रॉनच्या खाली गेलाच पाहिजे. जात नसेल तर तेल बदला. ओल्या पाइपिंगवर चार तास चाललेल्या पंपाचं तेल बहुतेक दुधाळ झालेलं असतं.

श्रेडर कोअर (सर्व्हिस पोर्टमधली स्प्रिंगची छोटी व्हॉल्व्ह-पिन) काढून टाका, पाव इंची होजऐवजी अर्धा इंची लावा, लिक्विड आणि गॅस दोन्ही बाजूंनी ओढा. मायक्रॉन गेज पंपापासून सर्वांत लांबच्या टोकाला हवं. पंपाजवळचं गेज नेहमी चांगली बातमी देतं. आणि इनडोअरचे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडे आहेत ना? एखाद्या युनिटला वीज देऊन झाली असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बंद स्थितीत राहिलेला असू शकतो. तसं असेल तर व्हॅक्यूम मोड (हे व्हॉल्व्ह उघडे ठेवणारी सेटिंग) लावा.

फ्लेअरनट: तेल खरंच दुधाळ निघालं. नवं भरल्यावर पंपावर 60 मायक्रॉन येतात. फिल्टर ड्रायर टाकून उरलेला ओलावा त्याच्यावर सोपवला तर चालेल?

दोनस्टेज: अजिबात नको. ड्रायर उरलासुरला ओलावा धरतो, साचलेलं पाणी नाही. पाणी पीओई तेलात (कंप्रेसरच्या तेलात) गेलं की आम्ल तयार होतं आणि तेलात मुरलेलं पाणी व्हॅक्यूमने नीट निघत नाही. आत्ता पाइपिंगमध्ये तेल नाही, आउटडोअर बंद आहे, म्हणजे सगळं अजून हातात आहे.

आधी सर्वांत खालचा फ्लेअर (नटाने आवळलेला सांधा) उघडा. रेग्युलेटर 5 बारवर ठेवून वरून नायट्रोजन सोडा, खालचं टोक जाड कापडाने दाबा, दाब आला की एकदम सोडा. कापड कोरडं निघेपर्यंत हेच करा. सांधा पुन्हा आवळून दाबाखाली तपासा. मग 4,000–5,000 मायक्रॉनपर्यंत ओढून कोरड्या नायट्रोजनने गेजवर 0.5 बारपर्यंत व्हॅक्यूम तोडा (म्हणजे नायट्रोजन भरून दाब वाढवा) आणि तासभर थांबा. त्या वायूने बर्फ वितळतो आणि वाफही त्यात मिसळून बाहेर येते. असं दोनदा करून तिसऱ्यांदा 500 च्या खाली न्या. खालची वळणं हीट गनने कोमट केलीत तर वेळ वाचेल. टॉर्च नको, इन्सुलेशन जळेल. सुरुवातीला पंपाचं गॅस बॅलास्ट (वाफ तेलात मुरू नये म्हणून पंपात थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडं ठेवा, शेवटी बंद करा.

कोअरकाढा: पंप थांबवण्याआधी पंप आणि पाइपिंगच्या मधला व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर पंपाचं तेल पाइपिंगमध्ये ओढलं जातं. नंतर अर्धा तास बघा: आकडा 1,000 च्या आत स्थिरावला तर चार्जिंग करा. कंपनीचं मॅन्युअल यापेक्षा कडक असेल तर मॅन्युअलचं ऐका. व्हॅक्यूममध्ये असताना कंप्रेसर चालू करू नका आणि त्याच्यावर मेगरही (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावू नका; त्या दाबात टर्मिनलमध्ये ठिणगी सहज उडते आणि मोटरचं वाइंडिंग जळतं.