मदत हवी आहे: लाईटनिंग नोडचा डेटाबेस गेला, १२ दिवसांपूर्वीची कॉपी चढवू का?

हळदीचं_पोतं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

परवा संध्याकाळी सांगलीत वळीव झाला आणि लाईट गेली ती रात्री अडीचला आली. इन्व्हर्टरनं अकराच्या सुमारास मान टाकली. त्यावर चालणारा माझा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (४, ८ जीबी रॅम, सोबत १ टीबी एसएसडी) धाडकन बंद पडला. त्यावर बिटकॉइनचा पूर्ण नोड आणि त्याच्या डोक्यावर एलएनडी, म्हणजे लाईटनिंगचा (बिटकॉइनवरच्या झटपट पेमेंटच्या जाळ्याचा) नोड, दीड वर्ष चालू होता.

सकाळी चालू केलं तर बिटकॉइन म्हणतो चेनस्टेट (कुठली नाणी अजून खर्च झालेली नाहीत याची नोंद) पुन्हा बांधावी लागेल. ठीक आहे, बांधू. पण एलएनडी उठतच नाही. लॉगमध्ये चॅनेल डॉट डीबी उघडता येत नाही, 'इनव्हॅलिड डेटाबेस' एवढंच.

पाच चॅनेल आहेत. माझ्या बाजूला सगळे मिळून साधारण ११ लाख सॅटोशी (बिटकॉइनचं सर्वात छोटं एकक) असतील. फार नाहीत, पण उदक सोडण्याइतके कमीही नाहीत.

माझ्याकडे काय आहे:
– वॉलेटचे २४ शब्द, कागदावर, कपाटात.
– १२ दिवसांपूर्वी एसएसडी बदलली तेव्हा एलएनडीच्या अख्ख्या फोल्डरची काढलेली कॉपी.
– पेन ड्राइव्हवर चॅनेल डॉट बॅकअप नावाची छोटी फाइल, पण ती पाचवं चॅनेल उघडायच्या आधीची.

सरळ ती १२ दिवसांची कॉपी चढवून चालू करू का? ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही हेच करतो. पण कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय की इथं तसं चालत नाही, म्हणून हात आखडलाय.

चौकस

करा की. पूर्ण फोल्डर आहे म्हणजे सगळंच आहे. बारा दिवसांचे व्यवहार मागेपुढे होतील फार तर.

रात्रपाळी

थांबा!! पोतं, काहीही चढवू नका. एलएनडी आपोआप सुरू होत असेल तर ते आधी बंद करा.

चौकस, राग मानू नका, पण या सल्ल्यानं लोकांचे पैसे गेलेत.

चॅनेल म्हणजे काय ते आठवा. दोघांनी मिळून साखळीवर (ब्लॉकचेनवर) एक रक्कम अडकवून ठेवायची आणि पुढचा हिशोब आपापसात वहीत करायचा, वाण्याच्या उधारीसारखा. फरक असा की ही वही दोघांकडे असते. प्रत्येक पेमेंटला नवं पान लिहून दोघं सह्या करतात आणि त्याच वेळी आपल्या आधीच्या पानाची एक चावी समोरच्याला देऊन टाकतात. उद्या तुम्ही जुनं पान साखळीवर नेऊन टाकलंत, तर समोरचा त्या चावीनं चॅनेलमधले सगळे पैसे उचलू शकतो, तुमच्या वाट्याचेसुद्धा. तुम्ही लबाडी करताय की तुमच्याकडे लाईट गेली होती, हे प्रोटोकॉल विचारत बसत नाही.

बारा दिवसांत तुम्ही स्वतः काही पाठवलं नसेल, पण तुमच्या नोडवरून दुसऱ्याचं एखादं पेमेंट पुढं गेलं असेल तरी पान उलटलं. ती कॉपी शिळी.

पाटावरवंटा

रात्रपाळींशी सहमत, थोडी भर घालतो. जुनी कॉपी चढवली की त्याच क्षणी पैसे गेले असं होत नाही. दोन नोड पुन्हा जोडले गेले की आधी एकमेकांना पान क्रमांक सांगतात. मागे राहिलेल्याला ते कळलं की तो गप्प बसतो आणि समोरच्याला चॅनेल बंद करायला सांगतो. गोची तेव्हा होते, जेव्हा समोरचा ऑफलाइन असतो आणि आपण वैतागून हातानं फोर्स क्लोज (चॅनेल एकतर्फी बंद करणं) दाबतो, किंवा एखाद्या अडकलेल्या पेमेंटची मुदत संपून नोड स्वतःच जुनं पान प्रसारित करतो. त्या पाच जणांपैकी एक जरी असा निघाला तरी झालं.

आता उपाय. तुम्हाला हवी ती चॅनेल डॉट बॅकअप फाइल. तिच्यात शिल्लक नसतेच, फक्त कुणाबरोबर कुठलं चॅनेल आहे एवढं असतं. चॅनेल उघडलं किंवा बंद झालं तरच ती बदलते, पेमेंटनं नाही. म्हणून ती जुनी झाली तरी चालते. पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये चारच चॅनेल आहेत, पण पाचवं १२ दिवसांच्या आधीच उघडलं असेल तर तुमच्या त्या फोल्डरमध्ये हीच फाइल पाचही चॅनेलसकट सापडेल. डेटा, चेन, बिटकॉइन, मेननेट असं आत जा. तेवढी एक फाइल उचला, बाकी फोल्डरला हात लावू नका.

त्याआधी बिघडलेल्या एसएसडीची जशीच्या तशी प्रत काढा. मग नवं एलएनडी, २४ शब्द टाकून वॉलेट, बिटकॉइन नोड पूर्ण सिंक होईपर्यंत दम धरा, आणि मग रिस्टोअरचॅनबॅकअप ही कमांड. चॅनेल मात्र वाचणार नाहीत. समोरचे ती बंद करतील आणि तुमचा वाटा साखळीवर येईल.

मिसळ_जास्त_तर्री

एक भाबडा प्रश्न. चहाचे दहा रुपये द्यायला एवढा खटाटोप? आमचं यूपीआय दोन सेकंदांत जातं.

हळदीचं_पोतं

मिसळराव, चहा यूपीआयवरच पितो 😀 पण विचारलंत म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात १००० कोटींवर व्यवहार झाले. बिटकॉइनच्या मूळ साखळीत दर १० मिनिटांना साधारण एक ब्लॉक, सेकंदाला ढोबळ ७ व्यवहार. महिनाभर ठासून भरली तरी दोन कोटी होत नाहीत. ब्लॉक मोठे करा म्हणणारे ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइन कॅश काढून वेगळे झाले. राहिलेल्यांचं म्हणणं, की माझ्या पायसारख्या डबड्यालासुद्धा सगळा हिशोब स्वतः तपासता आला पाहिजे, म्हणून ब्लॉक बेतानं ठेवा आणि किरकोळ व्यवहार वर लाईटनिंगमध्ये न्या. मला ते पटतं. परवा रात्रीपासून जरा कमी पटतंय एवढंच.

रात्रपाळी, पाटावरवंटा, दंडवत. पाचवं चॅनेल फेब्रुवारीतलं आहे, म्हणजे फोल्डरातली फाइल चालेल. चेनस्टेट बांधून होऊ दे, मग कळवतो.

हळदीचं_पोतं

अपडेट. चेनस्टेटनं तीन दिवस खाल्ले. पाय इतका तापला की वर टेबलफॅन लावून ठेवला होता, घरचे कूलरवरून बोलायचे थांबलेत.

काल रात्री फाइल चढवली. पाचही चॅनेल यादीत आली. दीड तासात चार जणांनी बंद केली आणि आज सकाळी पैसे वॉलेटमध्ये दिसले. बंद त्यांनी केल्यामुळे वाट बघायची मुदत त्यांच्या पैशांना लागली, माझ्या नाही, हे मला माहीत नव्हतं.

पाचवा काही उठत नाही. त्याचा पत्ता फक्त टॉरवरचा (ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरचा) आहे. त्यात माझे १.८ लाख सॅटोशी आहेत. माझ्या बाजूनं काही करता येईल का?

पाटावरवंटा

नाही. शेवटचं पान तुमच्याकडे नाही, त्यामुळे तुम्ही एकट्यानं बंद करू शकत नाही. नोड चालू ठेवा, तो आला की तुमचा नोड आपोआप निरोप देईल. सार्वजनिक यादीत त्यानं नोडच्या नावाबरोबर ईमेल दिलाय का बघा, काही जण देतात. आणि जुन्या फोल्डरमधलं ते डीबी वापरून 'एकदा बघू या' असं मनात आलं तर आधी इथं येऊन लिहा.

हळदीचं_पोतं

खरं सांगू, आलं होतं मनात. फोल्डरचं नाव बदलून 'हात लावू नको' ठेवलंय.

ईमेल सापडला, दोन ओळी लिहून पाठवल्यात. उद्या बॅटरीत पाणी भरायला माणूस येतोय. चॅनेल पुन्हा उघडायची की नाही ते त्यानंतर बघतो.