घरच्या यंत्रावरचा रक्तदाब आणि दवाखान्यातला रक्तदाब : खरा कोणता मानायचा?

प्रश्न : कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. आमच्या घरी गेले दोन महिने एकाच विषयावर वाद चालू आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

माझी आई ६४ वर्षांची आहे. एका किरकोळ कामासाठी ती डॉक्टरांकडे गेली असता त्यांनी सहज रक्तदाब पाहिला, तो १६४/९६ भरला. दहा दिवसांनी पुन्हा पाहिला, तेव्हा १५८/९४ होता. त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी लिहून दिली. आईने ती अद्याप सुरू केलेली नाही. डोके दुखत नाही, गरगरत नाही, मग गोळी कशाला, असे तिचे म्हणणे आहे. घरी दंडाला पट्टा बांधण्याचे यंत्र आहे. त्यावर तिचा वरचा आकडा कधी १३२, तर कधी १५६ येतो, आणि एकदा तर पाच मिनिटांच्या अंतराने १५० व १३६ असे दोन आकडे आले. तेव्हापासून घरात यंत्रावर कोणाचाच विश्वास राहिलेला नाही.

त्यात वडिलांची भर. ते ७० वर्षांचे आहेत आणि हीच गोळी अकरा वर्षे घेत आहेत. मात्र यंत्रावर १२० दिसले की दोन-तीन दिवस गोळी घेत नाहीत आणि "बघ, न घेताही सगळे नीट आहे" असे आईला दाखवून देतात. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून महिन्याभरापासून आम्ही साध्या मिठाऐवजी सैंधव वापरत आहोत.

घरचा आकडा धरावा की दवाखान्यातला? आणि वडिलांचे हे गोळी सोडणे योग्य आहे का?

प्रतिसाद १ : जुनी सिस्टर

मी सरकारी रुग्णालयात ३४ वर्षे परिचारिका होते. यंत्राला दोष देण्यापूर्वी मला एक गोष्ट विचारावीशी वाटते : आई मोजताना कशी बसते? बहुतेक घरांत दृश्य ठरलेले असते. बाई स्वयंपाकघरातून हात पुसत येते, दिवाणाच्या कडेवर पाठीला आधार नसताना टेकते, पाय लोंबकळत असतात, हात मांडीवर असतो, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळला जातो आणि हवा भरत असताना समोरचा माणूस विचारतो, "काय गं, चहा टाकलास का?" यातली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. हातापुरता हिशेब सांगते : दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली असला, तर तेवढ्यानेच आकडा ७-८ ने जास्त येतो.

मोजण्याची रीत अशी. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, मशेरी यांपैकी काही घेऊ नये आणि लघवीला जाऊन यावे, कारण मूत्राशय भरलेले असले तरी दाब वाढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीवर, पावले जमिनीवर सपाट ठेवून आणि पायांची घडी न घालता, पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर, गरज असेल तर खाली उशी घेऊन, असा ठेवावा की दंड छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळीच्या दोन बोटे वर बांधावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. आवडलेला तेवढाच लिहायचा, ही सवय मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिलेली आहे.

आता पट्ट्याविषयी, कारण माझा खरा संशय तिथे आहे. यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल आणि पट्टा कसाबसा चिकटत असेल, तर आकडा खोटाच मोठा येतो. शिवणाच्या टेपने आईच्या दंडाचा मधला घेर मोजा. तो ३२ च्या वर असेल, तर मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. शिवाय यंत्र एकदा दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांच्या मोजमापाशी ताडून पाहा. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या दंडावर जास्त येईल तोच पुढे कायम धरा, आणि फरक सतत १५ च्या वर राहिला तर ते डॉक्टरांना सांगा.

प्रतिसाद २ : तालुका-वैद्य

मी तालुक्याच्या गावी सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. समोर रुग्ण नसताना औषधाबद्दल सल्ला देणार नाही. पण आकड्यांचा अर्थ सांगता येईल.

दोन्ही मोजमापे खरी असू शकतात, फक्त त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. दवाखान्यात १४०/९० आणि त्यावर गेलेला दाब वेगवेगळ्या दिवशी पुन्हा तसाच सापडला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. घरी, स्वस्थपणे मोजलेल्या आकड्यांसाठी हीच मर्यादा १३५/८५ आहे. काहींचा दाब केवळ डॉक्टरांसमोर वाढतो, तर काहींचा उलट दवाखान्यात नीट आणि घरी किंवा कामावर जास्त असतो. हा दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून सात दिवस, सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा व संध्याकाळी दोनदा मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. पाच मिनिटांत १५० चे १३६ होणे हा यंत्राचा बिघाड नव्हे. रक्तदाब दिवसभर, अगदी मिनिटामिनिटाला हलत असतो आणि पहिले मोजमाप बहुतेकदा दुसऱ्यापेक्षा जास्त भरते.

मातोश्रींना त्रास होत नाही, हे त्यांचे म्हणणे मी खरे मानतो. अडचण अशी की वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही, आणि त्याच काळात मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदयाचे स्नायू, मूत्रपिंडे व डोळ्यांचे पडदे झिजवत राहतो. पुष्कळांना तो पहिल्यांदा कळतो तो अर्धांगाचा झटका आल्यावर. त्यामुळे "त्रास होईल तेव्हा गोळी घेऊ" हा हिशेब येथे लागू पडत नाही.

वडिलांच्या प्रयोगामागे मात्र एक गंमत आहे. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते; रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. म्हणजे दोन दिवस गोळी न घेता त्यांना जो चांगला आकडा दिसतो, तो आधी घेतलेल्या गोळ्यांचाच असतो. तो हळूहळू वर चढू लागतो तेव्हा ते पुन्हा गोळी सुरू करत असणार, आणि श्रेय मात्र गोळी सोडण्याला जात असणार. १२० हा आकडा गोळी लागू पडल्याची खूण आहे, ती सोडण्याची नव्हे. रक्तदाबाची काही औषधे अशी आहेत की ती एकाएकी थांबवली तर दाब उसळतो, म्हणून ही सवय इतरांनीही उचलू नये. मात्र उभे राहताना त्यांना अंधारी येत असेल, तर बसून व नंतर एक आणि तीन मिनिटे उभे राहून मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर मात्रा बदलायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

एक विचारतो : मातोश्री आणखी कोणती औषधे घेतात? दुकानातून आणलेली, आयुर्वेदिक, घरगुती, सगळी सांगा.

प्रतिसाद ३ : कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. दंडाचा घेर ३५ सेंटिमीटर भरला आणि सिस्टरताईंनी रंगवलेले दृश्य चहासकट आमच्याच घरातले निघाले. मोठा पट्टा मागवला आहे.

औषधांचे विचारल्यावर आई आधी "काही नाही" म्हणाली. नंतर डब्यातून डायक्लोफिनॅकची पाकिटे निघाली. गुडघ्यांसाठी ती तीन-चार महिने औषधाच्या दुकानातून थेट आणून, जवळजवळ रोज एक घेत आहे. डॉक्टरांना हे सांगितलेलेच नव्हते. याशिवाय खोकल्यासाठी ती ज्येष्ठमधाची पूड मधातून रोज दोनदा घेते.

प्रतिसाद ४ : तालुका-वैद्य

उत्तराचा मोठा भाग त्या डब्यात आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या, की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि त्यावरच्या कित्येक औषधांचा जोरही कमी होतो; शिवाय मूत्रपिंडांना धोका असतो तो वेगळाच. ज्येष्ठमधही निरुपद्रवी नाही. त्यातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य शरीराला मीठ धरायला आणि पोटॅशियम टाकायला लावते, म्हणून रक्तदाब असणाऱ्याने ते रोज घेऊ नये. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दाखवा, गुडघ्यासाठी दुसरा उपाय विचारा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, साखर, लघवीतील प्रथिने व ईसीजी या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. तोपर्यंत घरच्या घरी गोळ्यांची अदलाबदल करू नका.

मोजताना कधी १८०/१२० च्या वर आकडा आला, तर पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पण त्याबरोबर छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.

प्रतिसाद ५ : मीठभाकर

सैंधवाचा मुद्दा कोणी घेतला नाही, म्हणून लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे आणि या एका गैरसमजाशी रोज झगडते. सैंधव हे खाणीतले मीठ असले, तरी ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. रक्तदाबाच्या दृष्टीने त्यात आणि साध्या मिठात सांगण्यासारखा फरक नाही. उलट साध्या मिठात घातलेले आयोडीन त्यात नसते, म्हणजे तेही गमावले. "कमी सोडियमचे मीठ" म्हणून जे मिळते ते वेगळे. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो आणि त्याचा उपयोग होतो. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. चमचे मोजत बसण्यापेक्षा मी गृहिणींना महिन्याची किराणा यादी पाहायला सांगते. चार मोठ्या माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला जास्तीत जास्त ६०० ग्रॅम मीठ पुरायला हवे, आणि तेही लोणचे, पापड, फरसाण धरून. आपल्याकडे किलोचा पुडा महिना संपण्याआधीच संपतो आणि लोणच्याची बरणी वेगळी! पापडातला पापडखार आणि ढोकळ्यातला खाण्याचा सोडा हेही सोडियमच, जरी जिभेला खारट लागत नसले तरी. भाकरीच्या पिठात, भाताच्या आधणात मीठ घालणे आधी बंद करा. आमटी-भाजीचे मीठ पंधरा दिवसांनी थोडे थोडे उतरवा. एकदम अळणी केले की घरातले पुरुष पानात वरून मीठ वाढून घेतात, हा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ६ : जुनी सिस्टर

मीठभाकर यांच्याशी सहमत, एका सूचनेसह. आईंच्या वयाच्या बायका "माझ्यासाठी वेगळे काही नको" म्हणून स्वतःचे पथ्य पहिल्यांदा मोडतात. सगळ्यांच्याच ताटातले मीठ कमी करा, म्हणजे तो प्रश्नच उरणार नाही. वडिलांनाही ते हवेच आहे.

प्रतिसाद ७ : कृष्णाकाठ

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. मोठा पट्टा आल्यावर सिस्टरताईंच्या रीतीने सात दिवस मोजले. सरासरी १४६/८९ आली. वही, गोळ्यांची पाकिटे आणि यंत्र घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्र ताडून पाहिले, ते ठीक निघाले. डायक्लोफिनॅक आणि ज्येष्ठमध बंद करवले, गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि लागेल तेव्हा पॅरासिटॅमॉल सांगितले, तपासण्या करवल्या आणि तीन आठवडे फक्त मोजायला सांगितले. तपासण्या नीट आल्या. शेवटच्या आठवड्याची सरासरी १३९/८७ आहे, म्हणजे दवाखान्यातल्या १६४ पेक्षा पुष्कळच कमी, पण तालुका-वैद्यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वरच. आईने स्वतः बेरीज करून ती पडताळून पाहिली आणि कालपासून गोळी सुरू केली. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनच दिले आहे, मात्र अडीच मिलिग्रॅम. घोट्यांवर सूज आली तर परस्पर बंद न करता येऊन दाखवायला सांगितले आहे.

वडील अजून पूर्ण वळलेले नाहीत. आईने तिच्या वहीची मागची बाजू त्यांना आखून दिली आहे; त्यात आकड्याच्या शेजारी "गोळी घेतली / नाही" असा रकाना आहे. तीन दिवस तो कोरा होता, चौथ्या दिवशी त्यांच्या अक्षरात "घेतली" असे दिसले. मीठ मात्र या महिन्यात एका किलोवरच थांबले आहे.

प्रतिसाद ८ : मीठभाकर

एक किलोही चौघांना जास्तच होते. पण पहिल्या महिन्याला चालेल. पुढच्या महिन्याची यादी येथे कळवा.